प्रकाश आणि परिसर

तेजस्वी वस्तूचे तेज ही तिची स्वतःची मालमत्ता होय, अशी समजूत मनुष्याच्या मनात इतकी खोल रुजलेली आहे की, तिची उलटतपासणी करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. सोडियमचा दिवा पिवळाच दिसतो, निऑनची नळी तांबडीच उजळते, काजवा हिरवटच चमकतो. आणि या नित्याच्या अनुभवावरून आपण असा निष्कर्ष काढून मोकळे होतो की, प्रकाश केव्हा द्यावा, किती द्यावा आणि कोणत्या दिशेस द्यावा याची सर्व मुखत्यारी प्रकाश देणाऱ्या अणूकडे आहे, व भोवतालच्या जगाने तो निमूटपणे स्वीकारावयाचा आहे. रंगापुरती ही समजूत बहुतांशी खरी आहे. परंतु वेग, प्रमाण आणि दिशा या तिन्ही बाबतींत ती चुकीची आहे, आणि गेल्या दीड दशकात द्विमितीय, म्हणजे अवघ्या काही अणूंच्या जाडीच्या, अर्धवाहकांवर जे संशोधन झाले त्याने तिचा फैसला जितका स्पष्टपणे केला, तितका त्याआधी क्वचितच कोणत्या पदार्थाने केला असेल. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, प्रकाशाचे उत्सर्जन हा पदार्थ आणि त्याचा परिसर या दोघांनी मिळून केलेला व्यवहार आहे. आणि हे एकदा मनापासून मान्य केले म्हणजे या क्षेत्रातील यशापयशाची मोजदादही निराळ्या मापाने करावी लागते.

या विचाराचा इतिहास द्विमितीय पदार्थांहून पुष्कळ जुना आहे. 1916-17 च्या सुमारास आइन्स्टाइन यांनी उत्तेजित अणूच्या वर्तनाचा विचार करताना असे गृहीत धरले की, कोणतीही बाह्य प्रेरणा नसतानाही असा अणू ठरावीक शक्यतेने प्रकाश सोडून खालच्या ऊर्जापातळीवर येतो, आणि ही शक्यता दर्शविणारा गुणांक त्यांनी आपल्या समीकरणात मांडला. तो गुणांक जणू प्रत्येक अणूच्या नावे दप्तरात कायमचा नोंदलेला आकडा होता. 1927 मध्ये डिरॅक यांनी प्रकाशाच्या क्षेत्रालाच क्वांटम सिद्धान्त लागू केला, तेव्हा या आकड्याच्या पोटात दोन निरनिराळे घटक दडलेले आहेत हे उघड झाले : एक घटक अणूच्या अंतर्रचनेचा, आणि दुसरा त्या अणूभोवतीच्या अवकाशात प्रकाशाला निघून जाण्यास किती वाटा उपलब्ध आहेत याचा. मोकळ्या अवकाशात या वाटांची संख्या ठरलेली असल्यामुळे दुसरा घटक सर्वत्र सारखाच राहतो, आणि जे सर्वत्र सारखे असते ते निसर्गाचे अटळ शासन वाटू लागते. वस्तुतः ती केवळ एका विशिष्ट परिसराची, म्हणजे रिकामेपणाची, अट होती.

ही अट मोडता येते हे हार्वर्डचे एडवर्ड पर्सेल यांनी 1946 मध्ये एका छोट्याशा टिपणात दाखवून दिले. ज्या अणुकेंद्रीय चुंबकत्वावरील कार्यासाठी त्यांना पुढे 1952 मध्ये फेलिक्स ब्लॉख यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच विषयाच्या अनुषंगाने त्यांनी असा हिशेब मांडला की, सेकंदाला एक कोटी कंपनांच्या रेडिओ-वारंवारतेवर एकाकी अणुकेंद्र आपोआप ऊर्जा सोडून शांत होण्यास सुमारे 5 गुणिले 10 चा 21 वा घात इतके सेकंद, म्हणजे विश्वाच्या आजच्या वयाच्या दहा हजार पटींहून अधिक काळ लागेल. परंतु त्याच द्रव्यात मिलिमीटरच्या शतांशाएवढे धातूचे कण मिसळले तर तीच गोष्ट काही मिनिटांत घडून येईल. या दोन काळांमधील अंतर वाचकाने क्षणभर मनात धरावे. अणुकेंद्र तेच, त्याचे नियम तेच, त्याच्या ऊर्जापातळ्या त्याच. बदलला तो केवळ शेजार, आणि त्या शेजाराने अनंतकाळाचे रूपांतर मिनिटांत केले. पर्सेल यांनी दिलेले सूत्रही साधे आहे : अनुस्पंदन करणाऱ्या पोकळीत प्रकाश जितका अधिक काळ टिकून राहील आणि जितक्या लहान जागेत कोंडला जाईल, तितका उत्सर्जनाचा वेग वाढेल.

तंबोऱ्याच्या तारेचे उदाहरण येथे बरेचसे लागू पडते. तीच तार नुसत्या दांडीवर ताणली तर तिचा आवाज जेमतेम ऐकू येतो, आणि भोपळ्यावर बसविली की ती दालन भरून टाकते. मात्र तारेतील ऊर्जा आवाजाच्या रूपाने बाहेर जाण्याची वाट मोकळी झाल्यामुळे तिचे कंपनही लवकर ओसरते. प्रकाशाच्या बाबतीतही अधिक तेज आणि अल्प आयुष्य ही दोन्ही एकाच कारणाची फळे आहेत.

पर्सेल यांच्या विचाराला दृश्य प्रकाशात प्रयोगाचा दाखला मिळाला तो साठीच्या दशकाच्या अखेरीस. जर्मनीतील कार्ल हाइन्झ ड्रेक्सहागे यांनी आरशावर मेदाम्लांचे एकेक रेणूजाडीचे थर रचून त्यांवर युरोपियमचे संयुग बसविले, आणि आरशापासूनचे अंतर बदलेल तसतसे त्याच्या उत्तेजित अवस्थेचे आयुर्मान खालीवर होते हे दाखविले. 1987 मध्ये एली याब्लोनोविच आणि सजीव जॉन यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे असे प्रतिपादन केले की, प्रकाशाच्या तरंगलांबीशी तुलना करता येईल अशा अंतराने पुनरावृत्त होणारी रचना घडविली तर विशिष्ट वारंवारतेच्या प्रकाशाला तिच्या आत शिरकावच राहणार नाही. आणि जेथे प्रकाशाला जाण्यास वाटच नाही तेथे अणूला तो सोडताही येणार नाही. वेग वाढविण्याबरोबरच मज्जाव करण्याचाही अधिकार परिसराकडे आहे, ही गोष्ट येथे सिद्धान्तरूपाने पूर्ण झाली.

आता पदार्थाकडे वळू. मॉलिब्डेनम डायसल्फाइड हे काळसर, मऊ, शिशासारखे दिसणारे खनिज. गॅरेजमध्ये ज्याला मॉली ग्रीस म्हणतात त्यात ते वंगण म्हणून पडते, कारण त्याचे थर एकमेकांवरून सहज घसरतात. साठीच्या दशकातच रॉबर्ट फ्रिंट यांनी त्याचे मोजक्या थरांचे स्फटिक वेगळे केले होते. परंतु त्या पातळ पापुद्र्यांच्या प्रकाशाविषयी योग्य तो प्रश्न विचारला जाण्यास आणखी चार दशके लोटावी लागली. 2004 मध्ये मँचेस्टरच्या गाइम आणि नोवोसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्राफाइट सोलून ग्राफीन मिळविले, त्यानंतर इतर थरयुक्त पदार्थांकडे लक्ष गेले, आणि 2010 मध्ये कोलंबिया विद्यापीठातील टोनी हाइन्झ यांच्या व बर्कली येथील फेंग वांग यांच्या गटांनी असे जाहीर केले की, जे मॉलिब्डेनम डायसल्फाइड जाड स्वरूपात जवळजवळ निस्तेज असते, तेच एका थराइतके पातळ केले असता प्रकाशू लागते.

याचे कारण इलेक्ट्रॉनच्या संवेगात आहे. जाड स्फटिकात इलेक्ट्रॉनच्या वरच्या ऊर्जापट्ट्यातील सर्वांत कमी ऊर्जेचे स्थान आणि खालच्या पट्ट्यातील सर्वांत अधिक ऊर्जेचे स्थान यांचे संवेग जुळत नाहीत, आणि प्रकाशकणापाशी स्वतःचा संवेग नगण्य असल्यामुळे इलेक्ट्रॉनला खाली येताना स्फटिकाच्या कंपनांचे साहाय्य मागावे लागते. असा योग क्वचितच जुळतो. गंधक, मॉलिब्डेनम, गंधक अशा तीन अणुपातळ्यांचा, सुमारे 0.65 नॅनोमीटर जाडीचा एकच थर उरला की ही दोन्ही स्थाने समोरासमोर येतात आणि वाट सरळ होते. शिवाय इतक्या पातळ जागेत इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली रिक्त जागा यांमधील आकर्षण विलक्षण बळकट होते; त्यांची जी जोडी बनते तिला एक्सिटॉन म्हणतात, आणि तिची बंधनऊर्जा शेकडो मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट असल्यामुळे खोलीच्या तापमानातील सुमारे 25 मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टची उष्णतेची धडपड ती मोडू शकत नाही. गॅलियम आर्सेनाइडसारख्या रूढ अर्धवाहकात हीच बंधनऊर्जा अवघी चार-पाच मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. सूक्ष्मदर्शकाखाली हे पापुद्रे पाहिले तर जाड तुकडे पिवळट धातूसारखे चकाकतात आणि एकपदरी भाग पाठीमागच्या सिलिकॉनवर फिकट डागासारखा, नजरेतून निसटण्याजोगा दिसतो. पण हिरव्या लेसरचा झोत टाकून परतणारा हिरवा प्रकाश गाळणीने अडविला की चकाकणारे तुकडे काळे पडतात आणि तोच फिकट डाग तांबडा उजळून येतो.

असा पदार्थ परिसराच्या प्रभावाचा अभ्यास करण्यास सर्वांत योग्य का, हे आता ध्यानात येईल. सामान्य अर्धवाहकात प्रकाश देणारा भाग आतमध्ये खोल गाडलेला असतो. त्याच्यापर्यंत परिसराचा हात पोहोचण्याआधी त्या पदार्थाचेच शेकडो थर मध्ये येतात. एकपदरी स्फटिकाला आतले अंग असे नाहीच. तो सर्वस्वी पृष्ठभाग आहे. त्याचे अन्य थरांशी नाते दुर्बळ आकर्षणाचे असल्यामुळे तो सोन्यावर, सिलिकॉनवर, काचेवर कोठेही ठेवता येतो, आणि दोन स्फटिकांच्या जाळ्या जुळल्याच पाहिजेत ही जुनी हरकत येथे उरत नाही. त्याच्या तेजस्वी एक्सिटॉनचे कंपन थराच्या प्रतलातच होत असल्याने त्याची दिशाही आपल्याला अगोदरच ठाऊक असते.

परिसराची ही सत्ता किती सूक्ष्म गोष्टीतून चालते याचे एक उदाहरण जवळून पाहण्याजोगे आहे. तुलूझच्या संशोधकांनी 2019 मध्ये मॉलिब्डेनम डायसेलेनाइड या त्याच कुळातील पदार्थाचा एक थर षट्कोनी बोरॉन नायट्राइडच्या दोन पापुद्र्यांमध्ये ठेवला आणि खालच्या पापुद्र्याची जाडी निरनिराळी घेतली. बोरॉन नायट्राइड पारदर्शक आहे व या प्रकाशाच्या देवघेवीत स्वतः काही भाग घेत नाही. त्याचे काम केवळ एक्सिटॉन आणि खालचा परावर्तक पृष्ठभाग यांमधील अंतर ठरविणे एवढेच. तरीही या अंतराच्या बदलाने एक्सिटॉनचे उत्सर्जन-आयुर्मान सुमारे दहापट बदलले. जी वस्तू प्रकाश देत नाही व शोषतही नाही, ती केवळ आपल्या जाडीने दुसऱ्याच्या प्रकाशाचा कालावधी ठरविते. यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा?

परिसराचा अंमल केवळ वेगावर चालतो असेही नाही. टंगस्टन डायसेलेनाइडमध्ये काही एक्सिटॉन असे असतात की त्यांना काळे म्हणतात, कारण त्यांचे कंपन थराला लंब असते आणि त्यांचा जो काही क्षीण प्रकाश असेल तो समोरून पाहणाऱ्याच्या दृष्टीस पडत नाही. 2017 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी हा थर चांदीच्या पृष्ठभागावर ठेवला, तेव्हा धातूच्या पृष्ठभागावरून धावणाऱ्या विद्युत-तरंगांचे क्षेत्र थराला लंब असल्यामुळे त्या काळ्या एक्सिटॉनांना आपली ऊर्जा सोडण्याची वाट मिळाली आणि ते प्रकाशात आले. दिशेची गोष्ट अशीच. डेल्फ्टच्या कायपर्स यांच्या गटाने 2018 मध्ये टंगस्टन डायसल्फाइडच्या मोजक्या थरांवर चांदीची नॅनोतार ठेवून असे दाखविले की, डाव्या आणि उजव्या वर्तुळाकार ध्रुवणाशी निगडित असलेल्या दोन प्रकारच्या एक्सिटॉनांचा प्रकाश तारेच्या दोन विरुद्ध टोकांकडे वेगवेगळा धाडता येतो. आपल्या पुण्यात आयसर संस्थेतील जी. व्ही. पवन कुमार यांच्या गटानेही चांदीची नॅनोतार आणि सोन्याचा आरसा यांच्यामध्ये टंगस्टन डायसल्फाइडचा एकपदरी थर बसवून त्याचे उत्सर्जन अरुंद कोनात आणल्याचे 2021 मध्ये प्रसिद्ध केले आहे. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात विनोद मेनन यांच्या गटाने 2015 मध्ये याही पुढची पायरी गाठली : दोन आरशांमधील पोकळीत मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा थर ठेवला असता एक्सिटॉन आणि प्रकाश यांची ऊर्जेची देवाणघेवाण इतक्या वेगाने होऊ लागली की, हा पदार्थ आणि हा प्रकाश असा भेद करण्यास आधारच राहिला नाही, दोघांच्या मिश्रणातून खोलीच्या तापमानातच नव्या संकरित अवस्था निर्माण झाल्या.

येथे कोणी आक्षेप घेईल की, मग पदार्थाला काहीच किंमत उरली नाही काय? परिसराच्या महतीने भारावून जाऊन असे म्हणणे ही पहिल्या चुकीची उलटी आवृत्ती ठरेल. एक्सिटॉनसमोर नेहमी दोन वाटा असतात : एक प्रकाशाची, आणि दुसरी दोषांच्या व उष्णतेच्या द्वारे निमूटपणे विझून जाण्याची. परिसर पहिली वाट रुंद करू शकतो. दुसरी बुजविण्याचे काम बहुतांशी पदार्थाच्या शुद्धतेचे आहे. 2010 च्या त्या गाजलेल्या प्रयोगात एकपदरी मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे तेज जाड स्फटिकाच्या दहा हजार पटींहून अधिक भरले, हे खरे. परंतु त्याच वेळी हजार उत्तेजनांमागे सुमारे 4 प्रकाशकणच बाहेर पडत होते, हेही तितकेच खरे. पुढे 2015 मध्ये बर्कली येथील अली जावे यांच्या गटाने एका तीव्र सेंद्रिय आम्लाची प्रक्रिया करून, कोणतीही प्रकाशीय रचना न वापरता, हेच प्रमाण शेकडा एकाच्या आसपासून पंचाण्णवाच्या वर नेले. प्रकाश परिसराशी होणाऱ्या व्यवहारातून जन्मतो या माझ्या म्हणण्याला याने बाध येत नाही. मात्र त्या व्यवहारातील दुसरा पक्षकार सुदृढ असावा लागतो, ही मर्यादा त्याने आखून दिली.

या मर्यादेतूनच एक व्यावहारिक दक्षता निष्पन्न होते, आणि ती मला विशेष आग्रहाने सांगावयाची आहे. या क्षेत्रातील निबंधांत तेज शंभर पटींनी, हजार पटींनी वाढल्याचे दावे वारंवार आढळतात. समजा एखादा थर शंभरांतून एकच प्रकाशकण देतो आणि आपण नॅनोरचनेने त्याच्या उत्सर्जनाचा वेग दहापट केला. तर शंभरांतून सुमारे 9 प्रकाशकण मिळतील, म्हणजे वाढ नऊपट. उलट दुसरा थर मुळातच शंभरांतून 90 देत असेल, तर त्याच रचनेने ते जेमतेम 99 होतील, म्हणजे वाढ दशांश. रचना एकच, तिचे सामर्थ्य एकच. तरीही निकृष्ट पदार्थावर ती नऊपट यशस्वी दिसते आणि उत्कृष्ट पदार्थावर निरुपयोगी. मोठा गुणाकार पुष्कळदा रचनेच्या थोरवीपेक्षा पदार्थाच्या दारिद्र्याचीच साक्ष देतो. त्यात आणखी भर अशी की, त्याच रचनेमुळे येणारा प्रकाश थरात अधिक शोषला जातो आणि बाहेर पडणारा प्रकाश भिंगाच्या दिशेस अधिक वळतो. या दोन्हींचा खराखुरा लाभ असला तरी त्यांचा हिशेब वेगळा मांडला पाहिजे. धातूच्या रचनांबाबत तर धोका अधिक आहे, कारण थर सोन्याला काही नॅनोमीटरहून अधिक जवळ गेला तर ऊर्जा प्रकाशाऐवजी धातूच्या उष्णतेत गडप होते. म्हणून उत्सर्जनाचा वेग, शोषण, दिशा आणि व्यय यांची पृथक् नोंद नसलेला तेजवृद्धीचा आकडा, मग तो कितीही भव्य असो, अपुरा पुरावा समजला पाहिजे.

एकपदरी लेसरांचा वाद याच दक्षतेचे महत्त्व पटवितो. 2015 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील शाओडोंग शू यांच्या गटाने गॅलियम फॉस्फाइडच्या छिद्रांकित स्फटिकाच्या पोकळीवर टंगस्टन डायसेलेनाइडचा थर ठेवून, 130 केल्विन तापमानात, अवघ्या 27 नॅनोवॅट शक्तीवर लेसर चालल्याचा दावा केला. 2017 मध्ये सिलिकॉनच्या सूक्ष्म दांडीवर मॉलिब्डेनम डायटेल्युराइड ठेवून खोलीच्या तापमानाचाही दावा पुढे आला. परंतु अशा अतिसूक्ष्म पोकळ्यांमध्ये लेसर होण्यापूर्वीची आणि झाल्यानंतरची अवस्था यांमधील परिचित उडी पुसट होत जाते, आणि केवळ प्रकाश वाढला व वर्णरेषा अरुंद झाली एवढ्यावरून लेसर सिद्ध होत नाही, अशी हरकत जाणकारांनी घेतली. प्रकाशकणांच्या परस्परसंबंधाचे, म्हणजे संसक्ततेचे, मापन त्यांनी मागितले. ही हरकत योग्यच आहे. एखाद्या विद्येची प्रौढता तिच्या दाव्यांच्या उंचीवरून ओळखता येत नाही. ती आपल्याच दाव्यांकडून कोणता पुरावा मागते, त्यावरून ओळखावी लागते.

या सर्व खटाटोपाचा उपयोग काय, असा प्रश्न विचारणे गैर नाही. सिलिकॉन स्वतः प्रकाश देण्यास नालायक असल्यामुळे सिलिकॉनच्या चकतीवर सहज बसणारा प्रकाशस्रोत संगणकातील तारांची जागा प्रकाशाने घेण्याच्या दिशेस उपयोगी पडेल. आणि टंगस्टन डायसेलेनाइडमध्ये 2015 मध्ये आढळलेले, एका वेळी एकच प्रकाशकण सोडणारे बिंदू, जे पुढे सूक्ष्म खांबांवर थर पसरून हव्या त्या जागी निर्माण करता आले, ते क्वांटम दळणवळणासाठी मोलाचे ठरतील. या एकेका प्रकाशकणाला निश्चित वेळी, निश्चित मार्गात घालणे हे काम परिसराच्या रचनेवाचून होणेच नाही.

भारत सरकारने एप्रिल 2023 मध्ये 6003.65 कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानास मंजुरी दिली आहे, आणि त्याच्या चार केंद्रांपैकी एक मुंबईच्या आयआयटीत आहे. अशा वेळी एक वस्तुस्थिती धोरणकर्त्यांनी व विद्यापीठांनी लक्षात घ्यावी. ज्या बोरॉन नायट्राइडचा उल्लेख वर आला, त्याच्या उत्तम स्फटिकांसाठी जगभरच्या प्रयोगशाळा दीर्घकाळ जपानमधील त्सुकुबा येथील वातानाबे आणि तानिगुची या दोन शास्त्रज्ञांच्या उच्चदाब-भट्टीवर विसंबून राहिल्या आहेत. रचना आखणारे बुद्धिमान आपल्याकडे पुष्कळ आहेत. शुद्ध स्फटिक वाढविण्याचे, वर्षानुवर्षे एकाच भट्टीशी झटण्याचे, गाजावाजा न होणारे काम करणारे थोडे आहेत, आणि त्यांना मिळणारा मान त्याहून थोडा आहे. प्रकाश हा पदार्थ आणि परिसर या दोघांचा व्यवहार असेल, तर दोघांनाही सारखेच पोसले पाहिजे. म्हणून या अभियानातील निधीचा निश्चित वाटा स्फटिकवृद्धीसाठी राखून ठेवावा, ते काम करणाऱ्यांना निबंधांच्या संख्येवरून न तोलता त्यांच्या स्फटिकांच्या गुणवत्तेवरून तोलावे, आणि पदव्युत्तर वर्गांत आइन्स्टाइनच्या गुणांकाबरोबरच पर्सेलचा हिशेबही शिकवावा, एवढीच माझी मागणी आहे.